रेतीतले शब्द

१७ नोव्हेंबर
आंतरवासितेचा पहिला दिवस छान गेला. शाळा चांदीपच्या पुढे, भातखाचरांच्या कडेला. चंदनसारहून स्कूटरने सहज पोहोचले. डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला पहिलीच्या वाचन-लेखनाचं निरीक्षण मिळावं, एवढीच इच्छा होती. जयवंतीबाईंच्या वर्गातली मुलं अडखळत नाहीत, ओळीवर बोट ठेवत नाहीत. फक्त क्षितिजाचं वाचन अजून राहिलं आहे. तिने मला विचारलं, तुमचं लगीन का नाय झालं, चष्म्यामुळे का? मग माझ्या फुगलेल्या बॅगेला गाभण म्हस म्हणाली. एकटीच हसली.

१९ नोव्हेंबर
पद्धत नोंदवते. बाई मुलाकडून त्याच्या घरचा एक शब्द मागतात. तो ओल्या रेतीच्या ट्रेमध्ये लिहितात, मुलाचं बोट धरून गिरवून घेतात, मग तळव्याने पुसतात. पुसायचं फक्त शिकवणाऱ्याने, हा नियम. पुस्तकातला नाही, मुलाचा स्वतःचा शब्द: शास्त्रशुद्ध आहे. क्षितिजाने 'पानी' दिला. बाईंनी तो तसाच लिहिला. मला हे आवडलं. बाई म्हणाल्या, तुम्हीही द्या एक. गंमत म्हणून माझं नाव दिलं, स्वप्नाली. त्यांनी माझं बोट धरलं. रेती खाडीची, फार गार.

२४ नोव्हेंबर
मधल्या सुट्टीत गप्पा-गोंगाट नसतो. आधी शिस्त वाटली. मुलं पाटीवर लिहून एकमेकांना दाखवतात, समोरचा मोठ्याने वाचतो. लिहिलेलं सोडून कोणी काही बोलत नाही. क्षितिजाला तहान लागली तेव्हा तिने नळाकडे बोट दाखवलं. काय हवंय विचारलं तर ओठ हलले, आवाज आला नाही. मी 'पानी' लिहून दिल्यावर खणखणीत वाचलं. कारण सापडलेलं नाही.

२८ नोव्हेंबर
आज माझा पाठ होता. कारण सापडेपर्यंत थांबायला हवं होतं. गुण हवे होते म्हणून घेतला. क्षितिजाने 'आजी' दिला. मी लिहिला, गिरवून घेतला, पुसला. तळव्याखालून काहीतरी आत ओढलं गेलं. बाईंनी पूर्ण गुण दिले. म्हणाल्या, हात छान बसलाय.

२ डिसेंबर
क्षितिजाची आजी, धोंडूबाई, वर्गाच्या दारात येऊन ओरडली. पोर हाक मारत नाय, नुसता पदर ओढते. काय केलंत गो माज्या पोरीला? बाईंनी खडू उचलला. फळ्यावर लिहिलं. मुलांनी एका सुरात वाचलं: सगळं ठीक आहे.
क्षितिजाही वाचत होती.

३ डिसेंबर
कॉलेजला फोन केला. मॅडमनी विचारलं, कोण बोलतंय. माझं नाव — येईना. कागदावर लिहिलं, मग वाचता आलं. तोवर त्यांनी फोन ठेवला होता.

५ डिसेंबर
आज 'दूध' हा शब्द गेला. दुकानात बोट दाखवलं. तो तर मी रेतीत दिलाच नव्हता. एक दिला की बाकीचे मागोमाग —
वर्गातली मुलं सरकून मला जागा देतात.

६ डिसेंबर
रेती खाचरात ओतली. परत आले. ट्रे भरलेला. ओला.
आता स्वतःहून एकही शब्द — लिहिलेलंच फक्त —

७ डिसेंबर, रविवार
धोंडूबाईंच्या ओट्यावर. त्यांना वाचता येत नाही. म्हणून इथे लिहिते आणि मोठ्याने वाचते: आजी, तिला शाळेत पाठवू नका. तिचे शब्द मी घेतले. तिला उद्याच इथून दूर —
क्षितिजा शेजारी येऊन बसली. माझ्याबरोबर वाचते.
थांबत नाही. मी अजून लिहिलं नाही ते वाचते — आणि तिच्या मागोमाग माझा हात तेच लिहितो —
आजी, काळजी नको. पोर हुशार आहे. उद्या शाळेत पाठवा. शेजारची धाकटीही पाठवा.
धोंडूबाई मान डोलावतात. नाही, आजी — हे मी लिहीत नाही, माझं बोट कोणीतरी धरून —