कानाला टोचणारा आवाज

प्रिय भोंगाबाई,

पत्र बघून घाबरू नकोस, आम्ही दोघंही ठीक आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्याहून जास्त मीच कुरकुरतो, असं तुझी आई म्हणते. चौथीच्या पुढे गेलो नाही, तेव्हा अक्षर सांभाळून घे. पत्र वेळेवर पोचेल ना, याचीच धास्ती आहे. पाकिटावरचा पत्ता दोनदा गिरवलाय.

काल खालच्या मजल्यावरच्या गुरुजींना शब्दकोश उघडायला लावला. तुझ्या दवाखान्यातल्या मोठ्या बाईंनी तुझ्या आवाजाला जो शब्द लावला, तो मला छापलेला बघायचा होता. गुरुजींनी बोट ठेवून वाचलं. कर्कश, म्हणजे कानाला टोचणारा, कठोर. कावळ्याचा, करवतीचा. त्याच्याच खाली कर्कशा, म्हणजे भांडखोर बाई. तसल्या पुरुषाला काय म्हणतात ते विचारलं, तर गुरुजींनी पान उलटलं, परत उलटलं, चष्मा पुसला आणि चहा घेणार का म्हणाले.

पिंपांच्या कारखान्यात पत्रा ठोकण्यात माझी हयात गेली. तिथल्या आवाजाला आम्ही कधी नावं ठेवली नाहीत. तो सुट्टीच्या दिवशीही कानात असायचा, मग कानच गेले. तू तेव्हा नुकती बोलायला लागली होतीस. बाकीची पोरं बापाच्या कानात कुजबुजायची. तू दारात उभी राहून, मान ताणून ‘बाबा’ म्हणायचीस, की समोरच्या इमारतीतले बाबासुद्धा खिडकीत यायचे. त्यांनीच तुला भोंगाबाई केलं. ठोके खाऊन पत्र्याचं पिंप होतं, तसा तुझा आवाज माझ्या बहिरेपणावर आपटून आपटून घडला.

बाईंच्या सांगण्यावरून तू हळू बोलायच्या शिकवणीला जातेस, हे आईकडून कळलं. तू खिडकीतून नाव पुकारलंस की पेशंट दचकतात म्हणे. त्यांच्याशी हळूच बोल, आजारी माणसं ती. पण तू फोनवरही तशीच बोलायला लागलीस, आणि तेव्हापासून, पोरी, मला तुझं एक अक्षर कळलेलं नाही. तुला वाईट वाटू नये म्हणून मी अधूनमधून ‘हो, हो’ म्हणतो. मग आईला विचारावं, तर तुझं अर्ध्या तासाचं बोलणं ती एका दमात उरकते, बरी आहे म्हणते.

रविवारीही मी तेच केलं. फोन स्पीकरवर होता. आई स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आली, तोवर तू फोन ठेवला होतास. तिनं ऐकलेलं मला ओरडून सांगितलं. तू विचारलं होतंस, बाबा, तुम्हालाही माझा आवाज कर्कश वाटतो का? आणि मी हो म्हणालो, तेही दोनदा. त्या दिवसापासून तू आईचाही फोन उचलत नाहीस. म्हणून हे पत्र. आता ऐक. गुरुवारी सकाळच्या बसनं मी येतोय. आई नको म्हणते, गुडघा नको म्हणतो. मी दोघांचंही ऐकणार नाही. तुझ्या खिडकीवर नाव नोंदवीन आणि अगदी शेवटच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसेन. माझी पाळी आली की मोठ्या बाईंच्या देखत, मान ताणून, पूर्वीसारखी हाक मार. माझ्या कानात आता टोचल्याशिवाय काही शिरत नाही. तशी मारलीस तरच उठेन. हळू मारलीस, तर दवाखान्याला कुलूप लागेपर्यंत तिथून हलणार नाही.

तुझ्या हाकेला ओ देणारा,
तुझाच
बाबा