दसऱ्याचा झेंडू

मखमलाबाद, नाशिक
११ फेब्रुवारी २००४

चि. सौ. तृप्तीस आईचे पोटभर आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत. नानांचे गुडघे त्यांच्यासारखेच हट्टी झालेत. शेवंती संपत आली, वांगी लावली. कपिला व्याली, कालवड झाली. फोनवर तू "बरी आहे" एवढंच म्हणतेस आणि रिसीव्हर दिनेशरावांच्या हातात देतेस, म्हणून हे पत्र.

दिशा आता पालथी पडत असेल. तिचं नाव मला तुझ्या जावेकडून कळलं. छान आहे.

शिवरात्रीनंतरच्या रविवारी मी मुंबईला जाते आहे, हृदयाच्या त्याच डॉक्टरांकडे. मागच्या होळीला धडधडीसाठी त्यांनी मांडीतून तार घालून हृदयाला आतून डाग दिले होते, तुला आठवत असेल. धडधड थांबली. पुढचं तुला सांगितलं नाही. आता सांगते, रागावू नकोस. म्हणजे आहेस त्याहून जास्त रागावू नकोस.

श्रावणात मला खोकल्यातून रक्त पडायला लागलं. पहिल्यांदा पडलं ते शेतातच. नवसाबाई शेजारच्या सरीत निंदत होती. म्हणाली, "वहिनी, पान खाल्लं का काय?" मी हो म्हटलं. जन्मात कधी पान खाल्लं नाही मी. मग लाल साड्याच नेसायला लागले, पदराला दिसू नये म्हणून. इथल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि टीबी म्हणाले. थुंकी तीनदा तपासली, तीनदा काही निघालं नाही, तरी गोळ्या सुरू केल्या. मी माझं ताट-तांब्या वेगळं केलं. नानांना ओसरीवर झोपायला लावलं.

त्याच आठवड्यात तुझा फोन आला, "आई, मी कधी येऊ?"

मी काय म्हणाले ते तुला पाठ असेल. "दसऱ्याचा झेंडू तोंडावर हाय. फुलं तोडू का तुझं करत बसू? सासरीच राहा."

पहिलं बाळंतपण माहेरी, आणि आईनेच लेकीला दार लावलं. खरं सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन हजर झाली असतीस. ओळखते मी तुला. टीबीच्या घरात ओली बाळंतीण आणि तान्हं मूल कसं घेऊ? शिवाय सासरी कळलं असतं तर तुला जन्मभर ऐकवलं असतं. म्हटलं, रागावली तर रागावू दे, रागाने कुणी मरत नाही.

पाच महिने गोळ्या गिळल्या. रक्त थांबेना. संक्रांत झाल्यावर नानांनी माझं काही ऐकलं नाही, मुंबईला घेऊन गेले. तिथे मोठ्या मशीनवर कळलं, टीबी नव्हताच. फुप्फुसातून हृदयाकडे रक्त आणणाऱ्या नसा, जिथे डाग दिले तिथेच आवळत गेल्या होत्या. ठिबकची नळी पुढे दाबली की पाणी मागे तुंबतं, तसं रक्त फुप्फुसात तुंबत होतं. आता आत फुगा घालून नसा रुंद करणार, लागली तर जाळी बसवणार. डॉक्टर धीर देतात, पण सही करायच्या कागदावर वाईटही सगळं लिहिलेलं असतं. मी ते वाचलं.

डॉक्टर म्हणाले, "हे कुणाला लागत नाही." तृप्ती, मी तिथेच खुर्चीत रडले. नानांना वाटलं, घाबरले. मला वाटत होतं, म्हणजे तुझं बाळंतपण मी करू शकले असते. तुला तेल लावलं असतं, दिशाला पायावर घेऊन न्हाऊ घातलं असतं.

तो झेंडू मी तोडलाच नाही. नवसाबाई तोडते म्हणाली, तिलाही नको म्हटलं. ज्याचं नाव सांगून लेकीला परतवलं ते फूल बाजारात न्यायला नको वाटलं. सगळं शेत पिवळंधमक उभं होतं, ते तसंच वाळलं.

काल डिंकाचे लाडू वळले. नानांपासून लपवून ठेवलेत. मी निघायच्या आदल्या शनिवारपर्यंत ये. चाळीसगाव काही विलायतेत नाही. राग सोड म्हणत नाही, तो इथे येऊन कर, समोर बसून ऐकते. फक्त मुंबईला जायच्या आधी दिशाला एकदा माझ्या मांडीवर दे. मी तिचा मुका घेतला तरी तिला काही होणार नाही, डॉक्टरांना दोनदा विचारून घेतलंय.

दार उघडं ठेवून बसलेली,
तुझी आई