मातामाय दोनदा येत नाही

२६ जुलै १९८२
दुपारी आरोग्यसेवक चोपकर नाकाडोंगरीच्या सुगंधाला पकडून घेऊन आला. 'पकडून' हा त्याचाच शब्द. टीबीच्या गोळ्या मध्येच सोडणाऱ्यांना आमच्या दवाखान्यात चोरासारखं आणतात. बरोबर नवरा. भाताचा रोवणा सोडून यावं लागलं म्हणून तापलेला.
"मातामाय आली होती जी तिले. अंगभर दाने निंगले, तोंड सोललं. मायच्या वक्ती दवा देत नाई आमच्यात. दाराले कडूलिंबाचा डगाला लावला, फोडनी बंद केली, गोली बी बंद केली. माय गेली आपसूक."
हातांची साल अजून निघते आहे. ओठांच्या आत व्रण. ही देवी नाही, गोवर नाही. त्या गोळीत दोन औषधं असतात, त्यातलं थायासिटाझोन बाधलं. मातेच्या नावाने का होईना, गोळी थांबली म्हणून बाई वाचली. भरती केलं. केसपेपरवर लाल शाईने: ही गोळी पुन्हा देऊ नये. त्यातलं दुसरं औषध, साधी आयएनएच, तेवढं आणि टीबीची सुई लिहिली.

२७ जुलै
दवाखान्याचे मोठे साहेब भडकले. "गोळीवर खापर फोडता? उद्या सगळेच सोडतील. जिल्ह्याला काय तोंड दाखवू?"
म्हटलं, जिल्ह्यालाच कळवू या. आपल्या औषधाने काय होतं ते वरच्यांना आपण नाही सांगणार तर कोण?
"गोवर लिहा आणि मोकळ्या व्हा."
गोवर! तीन लेकरांच्या आईला! नाही लिहिलं.

३० जुलै
मोहाडीला कुटुंबनियोजनाचं तीन दिवसांचं शिबिर. मलाच पाठवलं, मुद्दाम. दुसरं कोणी नव्हतं म्हणे. दिवसभर उभी, चहासुद्धा थंड. मन मात्र तिकडे.

२ ऑगस्ट
परत आले तो सुगंधाला तीच जुनी गोळी चालू. राउंडला साहेबांनी माझी लाल ओळ खोडली, सिस्टरने हुकूम पाळला. पहिल्याच दिवशी ताप भरला होता, तरी चालूच ठेवली. आता चेहरा सुजून डोळे मिटलेत, ओठांवर रक्ताची खपली, पाठभर पाण्याचे फोड. गोळ्या उचलून मोरीत टाकल्या. सलाईन लावलं.
नवरा खाटेच्या पायथ्याशी. "डॉक्टरीनबाई, मातामाय एका मानसाले दोनदा येत नाई. मंग हे काय होय?"
खरं ते सांगितलं. गोळीने झालं, तेव्हाही आणि आताही. साहेब दारात उभे होते. ऐकू दे.

३ ऑगस्ट
साहेबांच्या खोलीत हजेरी. "अडाण्यासमोर बोलायची काय गरज होती?"
म्हटलं, त्या अडाण्याने गोळी बंद केली होती, शिकलेल्यांनी चालू केली.
माझ्या उद्धटपणाचा रिपोर्ट वर जाणार. बाईच्या फोडांचा जात नाही, माझ्या जिभेचा कसा लगेच जातो! मग मीही लिहिलं. एक पत्र जिल्ह्याला, एक नागपूरच्या मेडिकल कॉलेजला. पोस्टात टाकूनच घरी आले. बदली करतील. गडचिरोली तर गडचिरोली.

९ ऑगस्ट
सुगंधाने पेज गिळली. उजवा डोळा उघडला. डाव्याचं काही सांगता येत नाही. साहेब राउंडला तिची खाट सोडून पुढे जातात. माणूस इतका कोडगा कसा होतो. दवाखान्याच्या मागे जाऊन रडून घेतलं.

१६ ऑगस्ट
उत्तर कुठूनच नाही.
फोड सुकले, पण छातीतला टीबी जसाच्या तसा. खोकल्यातून रक्ताची रेघ. आज साधी आयएनएच हातावर घेऊन गेले, ही बाधणारी नाही. सुगंधाने तोंडावर पदर दाबला.
नवरा म्हणाला, "सायबाची गोली बी पांढरीच होती जी. तुमची बी पांढरीच. आमी कायच्यावरून वळखावं?"
समजावलं, विनवलं, शेवटी ओरडले. औषध नाही घेतलं तर वर्षभर नाही जगायची, असंही बोलून गेले.
"तुमच्यावर भरोसा हाये बाई. गोलीवर नाई."
सुईलाही नाही म्हणाले. दुपारच्या यष्टीने घेऊन गेला. साहेब व्हरांड्यातून बघत होते. म्हणाले, "बघा, सोडलीच ना शेवटी?" मी वॉर्डात वळले. तोंड उघडलं असतं तर काय निघालं असतं देव जाणे.

१७ ऑगस्ट
उद्या रजा टाकून नाकाडोंगरीला जाते. त्यांच्यादेखत मी स्वतः गोळी खाऊन दाखवीन.
पण सोललं तिचं अंग, माझं नाही. हे ती म्हणाली तर मी काय सांगणार?