सुनेत्राच्या लग्नाआधी सांगायचं

मी, कुमुदिनी, कै. मधुकर प्रधान यांची पत्नी, वय बेचाळीस, राहणार हेंद्रेपाडा, बदलापूर, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि राजीखुषीने लिहून ठेवते. राजी आहे. खुषी बऱ्याच दिवसांत जाणवलेली नाही, पण त्यावाचून काही अडत नाही. पुढच्या आठवड्यात डोक्याला विजेचा उपचार घ्यायला ठाण्याला जायचं आहे. त्यानंतर काही काळ विसरायला होतं, म्हणून आठवतंय तोवर लिहिते.

राहतं घर यजमानांनी माझ्या नावे बांधलं. ते माझ्यामागे मुलगी सुनेत्रा हिचं, ती लग्न करो न करो. शिवणाचं मशीन धाकटी बहीण वेणूबाई हिला. सुई तिरकी बसते, तिला माहीत आहे. थोरले दीर हेमचंद्र यांनी चामटोलीच्या देवऋष्याकडून आणलेला ताईत त्यांचा त्यांना परत. बांधून पाहिला.

माझी आई मधूनमधून अंथरूण धरायची, ताप नसताना. मावशी विहिरीत गेली. पाय घसरला असं लोकांना सांगितलं. मी सोळाव्या वर्षी गप्प झाले, तेव्हा घरच्यांनी ठरवलं की लग्न झालं की लागेल मार्गी. सासरच्यांना कुणी काही कळू दिलं नाही. बाळंतपणानंतर मी मुलीकडे बघेना, तेव्हा यजमानांना कळलं. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. ते गेले आणि मी उठलेच नाही.

मला उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पातले डॉ. गिडवाणी पाहतात. ते म्हणाले, "बाई, थोडा खून में से आता है, थोडा दुख में से. कॅम्पात कितीतरी लोक आहेत, खानदान में कुछ नहीं था. घरदार गेलं आणि झालं. तुमच्याकडे दोन्ही आहे. इलाज है. शादी इलाज नहीं है."

गेल्या महिन्यात तांदूळ निवडताना सुनेत्रा म्हणाली, "आई, मला काहीच वाटेनासं झालंय गं." तीही आता सोळाची आहे. मला रडू आलं नाही. दिरांना सांगितलं, तर म्हणाले, "कुमुद, बोभाटा करू नकोस. स्थळ चालून आलंय. उजवून टाकू, मग त्यांचं ते बघतील." त्या वाक्याचा राग मात्र मला आला. बऱ्याच दिवसांनी काहीतरी आलं.

तरी माझ्यामागे सुनेत्राची पालक वेणूबाई, दीर नव्हेत. मुलगी बरी होईतो लग्नाचा विषय काढू नये. नंतर तिच्या मनात असेल तर बघावं. पाहायला येतील त्यांना आजीचं, माझं आणि तिचं, तिघींचं दुखणं पोह्यांआधी सांगावं. ऐकून उठतील त्यांना चहा देऊन जाऊ द्यावं.

येत्या गुरुवारी तिला बघायला येणाऱ्या पाहुण्यांना मी सगळं कळवलं आहे. दीर मला वेडी ठरवून हा कागद मोडायला बघतील, म्हणून डॉक्टरांची साक्ष घेतली.

सुनेत्रा, हे तुला माझ्यामागे नाही, आजच वाचून दाखवणार आहे. तुझ्यावरची माझी माया मला सध्या आतून जाणवत नाही. ती आहे, एवढं ठाऊक आहे. उद्या सकाळी आपण दोघी गिडवाणींच्या दवाखान्यात जातोय. तुझं पातळ काढून ठेवलंय.

सही: कुमुदिनी मधुकर प्रधान

साक्षीदार:
डॉ. टेकचंद गिडवाणी (बाईंना तपासलं, शुद्धीत आहेत)
विठा कोंडाजी, शेजारीण, अंगठा

हेंद्रेपाडा, बदलापूर
ता. ९ एप्रिल १९५७