नाव घातलेलं ताट

सोमवार, ५ जानेवारी

आज मंगरूळपीरले आली. एसटीत खिडकीची जागा भेटली, बाजूची बाई निजून होती, डोकं खाल्लं नाई. दिवस चांगलाच म्हणायचा. जानरावभाऊच्या घरी सैपाकाचं काम, राह्यणं-खाणं इथंच. खोली स्वच्छ हाय. ही वही माही पोरगी मंजुषानं देली. पुण्याले नर्सिंग शिकते ते. म्हणे आई, चौथीपर्यंतचं शिकलेलं विसरून राह्यली तू, रोज लिही. रोज सहा वाजता फोनबी करते. माहा आवाज एवढा मोठा का फोन कानापासून हातभर दूर धरते म्हणे.

ताट संग आणलं. मागच्या एका घरी माह्यं ताट येगळं ठेवत, मोरीपाशी. तवापासून आपलंच नेते. वर ठळक नाव घातलं हाय, वच्छला. भाऊ म्हणे आपण एकाच समाजाचे, इथं तसं काई नाई. मी म्हटलं असू द्या, सवय हाय.

बुधवार, ७

भाऊ पासष्ट वर्षाचा माणूस, अन् दिवसभर डबे बनवते. गाणे वाजवाचे डबे. जुन्या रेडिओत राह्यत तसे काचेचे व्हॉल्व त्यात, पेटले का लाल होते. बाजारात मुठीएवढा स्पीकर भेटते, अन् हा वीस किलोचं धूड घेऊन महिनाभर कथील वितळवून वायरीले डाग देत बसते. काहून, म्हणून इचारलं. तं म्हणे बाजारच्या आवाजात जीव नसते, वच्छलाबाई. मी म्हटलं पहिले जेवा, भाकर थंडी होऊन राह्यली.

डबा बंद केला तरी आत करंट राह्यते, हात लावू नका, असंबी म्हणे. मले कायचा शौक हात लावाचा.

शुक्रवार, ९

फळीवर दोन तयार डबे हायेत. पुसाले उलटे केले. खालचा पत्रा म्हणजे स्टीलचं ताट, भोकं पाडून बसवलेलं. एकावर नाव रामीबाई, एकावर देवला. भाऊ म्हणे तुमच्याआधी सैपाकाले होत्या. आपलं ताट टाकून बाई कायले जाईन, म्हणून इचारलं. त्यानं उठून रामीबाईचा डबा चालू केला. गाण्याची वायर लावली नव्हती. तरी आतून बाई खोकलली, अन् म्हणे, भाऊ, अजून अर्धी वाढू का?

टेप करून ठेवलं असन. रिकाम्या माणसाले काय काय सुचते.

रविवार, ११

आज माह्यं ताट मागितलं. म्हणे माणूस ज्या ताटात रोज जेवते, त्या ताटाले त्याचा आवाज लागते. नव्या पत्र्यात ते येत नाई. मी म्हटलं, भाऊ, पहिले तुमच्या टकुऱ्याले डाग द्या.

मंगळवार, १३

भाजी घेऊन आली तं माह्या ताटाले चार भोकं. चांगल्या शिव्या देल्या, पण तिसऱ्या शिवीतच घसा बसला. भाऊ म्हणे तयार झालं का पाहा किती सुंदर दिसते. चाळणी केली अन् सुंदर. पहिल्या मजुरीचं ताट हाय ते. घेतल्याशिवाय जात नाई मी. मंजूले पुण्याले धाडलं तवा तिच्या ताटावरबी उभं राहून नाव घालाले लावलं होतं, खोल.

गुरुवार, १५

भाऊनं माह्या ताटाच्या एका भोकात व्हॉल्व बसवला. दूधवाल्याच्या समोर उभी राहून लिटर म्हटलं, त्याले ऐकूच नाई आलं. मंजू म्हणे आई, नेटवर्क नाई का? थंडीनं झालं असन. हळदीचं दूध पेली.

शुक्रवार, १६

तीन बसले. तोंड उघडते, नुसता वारा निघते. पेचकस घेऊन ताट सोडवाले गेली – झटका. बोटं काळी. डबा बंद होता. बंदच होता.

शनिवार, १७

चौथा बसला. लाकडी पेटीत घालून वरून पॉलिश मारलं, लेकराले तेल लावते तसं.

सहाले माहा फोन वाजला. भाऊनं उचलून डब्यापुढं ठेवला –

डबा बोलला. माह्या आवाजात. बाळा, सोन्या, जेवली का. मी कधी अशी – मंजू तिकडून खुश. म्हणे आई, आज किती गोड बोलतेस. अवं येडे, मी अन् गोड –

डबा म्हणे करमत नाई. उद्याच्या गाडीनं ये. येतानी तुह्यं ताट घेऊन ये.

मंजू हो म्हणे.

मी ओरडली. काईच नाई. फोन भाऊच्या खिशात –

वही घेऊन स्टँडवर जाते. उतरली का हातात देते. मंजू, आल्या पावली परत जाय. ताट कोणाले दाखवू नको. त्याच्यावर नाव मीच –

डबा बोलावून राह्यला. माह्याच आवाजात. वच्छला, आत ये, भाकर थंडी होऊन राह्यली.

नाई जात. नाई. पण पाय माहे –