माझ्या नावाची तांब्याची पाटी

प्रिय दीप्ती,

रोज फोनवर बोलतो तरी पत्र काहून, असं तुले वाटंल. एक गोष्ट फोनवर माझ्या तोंडातून निघतच नाही, म्हणून लिहून राह्यलो. पण आधी खुशीची बातमी घे. ज्या कॉम्प्युटरवर तुझा अस्वलाचा कार्टून सिनेमा अर्ध्यात अडकला, त्यापायी डिझाइन कॉलेजचा फॉर्म हुकला अन् तू नागपूरले लग्नपत्रिकेच्या दुकानात कामाले लागली, तो आता तापत नाही. त्याचं ग्राफिक्स कार्ड मी थंड केलं. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीतल्या वर्कशॉपात तीस वर्षं मोटरा सांभाळल्या, त्याच्यापुढे हा डबा काय चीज आहे.

पाणी थंड करायच्या एका भंगार मशीनीतून पेल्टियरच्या चार चकत्या काढल्या. चौकोनी बिस्किटाएवढी चकती, करंट दिला की एक बाजू गार होते अन् दुसरी गरम. गार बाजू कार्डाकडे केली, गरम बाजूवर पंखा बसवला. मधात तांब्याचा पत्रा पाहिजे होता, तर रिटायर होताना दोस्तांनी दिलेली माझ्या नावाची पाटी कापली. ‘तेजराम’ कार्डाले चिकटलं, ‘सेवानिवृत्त’ तेवढं भिंतीवर राह्यलं. तुझी आई म्हणते, राहाचं तेच राह्यलं.

विश्वकर्मा पूजेले घोटाळा झाला. नेहमीसारखी सारी अवजारं ओट्यावर मांडली, त्यात तुझा कॉम्प्युटरही उघडून ठेवला. आईनं हळद-कुंकू लावलं, फुलानं पाणी शिंपडलं. संध्याकाळी चालू केला तर कार्डावर थेंबच थेंब. मी तिच्यावर असा भडकलो की विचारू नको. ती सकाळच्या बसनं किरनापूरले माहेरी निघून गेली. मी कार्ड पुसलं, वाळवलं, पुन्हा लावलं. तासाभरात पुन्हा थेंब. अन् आता तर घरात पाणी शिंपडणारं कोणी नव्हतं.

मग डोक्यात उजेड पडला. थंड पाणी भरलेल्या गडव्यावर बाहेरून जमते, तेच हे पाणी. चकती जरुरीपेक्षा जास्त गार होऊन हवेतला ओलावा खेचत होती, अन् मी बिचारीच्या पूजेले दोष दिला. दोन दिवस माझ्या हातची कच्ची खिचडी खाल्ली अन् तिसऱ्या दिवशी किरनापूरले गेलतो. अंगणात, तुझ्या मामासमोर हात जोडून चूक कबूल केली. लग्नाले अडतीस वर्षं झाली, पहिलीच वेळ. आई हसली अन् थैली आणाले आत गेली. घरी येऊन करंट कमी केला, चकत्यांभोवती रबराची पट्टी लावली. तेव्हापासून कार्ड कोरडं आहे, आईही खूश आहे.

आता ती गोष्ट. फॉर्मच्या शेवटच्या दिवशी लाइट गेली नव्हती, बेटा. फॉर्मसोबत धाडाचा सिनेमा मशीनवर बनत होता, तू आंघोळीले गेलती, डब्यातून जळका वास आला, मी भ्यालो अन् प्लग ओढला. तू आली तर सांगितलं, लाइट गेलती, आत्ताच आली. तेव्हापासून तू लाइटीले शिव्या देते अन् मी, जन्माचा इलेक्ट्रिशियन, फोनवर हौ हौ म्हणतो. तुझं वर्ष लाइटीनं नाही, मी वाया घालवलं. त्याची मले फार लाज वाटते. मागच्या आठवड्यात तुझ्या टेबलावर चिकटवलेली, सिनेमा कसा बनवाचा ते लिहिलेली चिठ्ठी वाचून एकेक बटन दाबलं. चार दिवस मशीन चालली, मी प्लगपाशी खुर्ची टाकून बसलो, कोणाले हात लावू दिला नाही. पडद्यावर तुझं अस्वल उकव्याच्या बसमध्ये चढलं अन् बैहरले उतरलं. पुऱ्या सिनेमाचा पेनड्राइव्ह याच पाकिटात आहे, अन् औंदाचा फॉर्म पंधरा तारखेपर्यंत भरता येते. आधी तो भर, मग घरी येऊन माझ्यावर रागव. अंगणात, सगळ्यांसमोर रागवली तरी चालंल. हात जोडाची मले आता सवय झाली आहे.

तुझाच, प्लग ओढणारा,
बाबा