कारकुनाच्या मनगटावरची चांदणी

सोमवार, २ तारीख

लागली एकदाची नोकरी! बायको वर्षानुवर्षं ऐकवत आली, नुसते बसून खाता म्हणून. घ्या, आता बसण्याचीच नोकरी मिळाली. मानवी शरीराचं प्रदर्शन आहे. काचेआड हृदयं, फुप्फुसं, आणि कातडी उतरवून रसायनांनी टिकवलेली खरीखुरी माणसं. दुसऱ्या दालनात एक जण टेबलाशी बसलाय, हातात पेन्सिल, पुढ्यात कोरी वही. लिहिताना कुठले स्नायू कसे चालतात ते दाखवायला. मी त्याचं नाव कारकून ठेवलं. दोर बांधलाय, त्याच्या आत समोरच तसंच दुसरं टेबल, तशीच वही, आणि तिथे मी. रोज सकाळी रंगवाली बाई माझ्या अंगावर त्याचे स्नायू रंगवणार, तांबडे, पांढरे, अगदी धागा न् धागा. मग पुतळ्यासारखं बसायचं आणि घंटा झाली की लिहायला लागायचं. लोक अस्से किंचाळतात! आज एका आजोबांनी तर मला छत्रीने ढोसून पाहिलं. साहेब म्हणाले, वहीत काहीही खरडा. म्हणून ही रोजनिशी.

मंगळवार, ३

मान अवघडलीय, बाकी झकास. बाईंचा एकच नियम, काल सांगितला आणि आज परत. रंग इथेच उतरवायचा, आधी तेलाने, मग साबणाने, घरी कणभरसुद्धा न्यायचा नाही. का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, ज्याचं त्याच्यापाशी राहू द्यावं. मी म्हटलं, बाई, रंगच तर आहे, दागिना नाही. हसल्या नाहीत.

रविवारी चिमी येणार बघायला, आईबरोबर. आमची चिमी सहा वर्षांची, नुकतीच अक्षरं शिकलीय, दिसेल तिथे ‘बाबा’ लिहीत सुटते. तिला काळजी पडलीय की दोघांतला बाबा कुठला ते कळायचं कसं. मी म्हटलं, डोळा मारीन. आई रागावली की आमची तीच खूण असते.

गुरुवार, ५

नियम मोडला. चिमीने हट्टच धरला होता, हात दाखव, हात दाखव. काल उजवा हात तसाच ठेवला, बाही खाली ओढली आणि गुपचूप सटकलो. चिमीने आधी किंकाळी फोडली, मग एकेक बोट दाबून पाहिलं, आणि मनगटावर आपला चांदणीचा स्टिकर चिकटवला. बायको म्हणाली, जेवायला तरी माणसासारखे बसा. झोपण्याआधी तेल लावून घासघास घासला. सगळा निघाला नाही.

सकाळी चांदणी नव्हती. गादीत पडली असेल. बाईंनी हात पाहिला आणि ब्रश खाली ठेवला. म्हणाल्या, इथे मला रंगवायला काही उरलेलं नाही, घरी नेला होतात का? मी नाही म्हणालो. चाळिशीला आलो तरी शाळेतल्या पोरासारखं खोटं बोललो.

शुक्रवार, ६

चांदणी सापडली. कारकुनाच्या मनगटावर.

आधी वाटलं, कुठल्यातरी वात्रट पोराने चिकटवली. दुपारी दालन रिकामं होतं तेव्हा उठून जवळ गेलो. चांदणीच्या कडेने कातडी आलीय. नखाएवढीच, पण कातडी. तिच्यावर तीळ.

माझा तीळ. माझ्या मनगटावर आता नाहीये. चोळून पाहिलं, ओरबाडून पाहिलं. तांबडे धागे नुसते, ओले नाहीत, कोरडे. दुखतही नाही. दुखायला हवं होतं.

बाईंना सगळं खरं सांगितलं. त्यांचा चेहराच उतरला. म्हणाल्या, आधी सांगायचंत हो. सामान आवरून निघून गेल्या.

काल रात्रीही घरी डाव्या हाताने जेवलो. चिमी विचारत होती, बाबा हात का लपवतोय. काय सांगू तिला?

शनिवार, ७

बाई आल्या नाहीत. साहेब म्हणाले, कशाला हव्यात, तुम्ही तर रंगून तयार आहात. आरशात पाहिलं. गळ्यापर्यंत — कुणीही ब्रश न लावता.

घंटेनंतर हात हलायला किती वेळ लागला. लोकांना वाटलं मुद्दामच. टाळ्या.

उद्या चिमीला आणू नकोस म्हणून बायकोला कळवायचंय. उठता येत नाही. पाय — साहेबांना हाक मारली. ओठ हललेच नाहीत. ते दिवे मालवून निघून गेले. मला भीती वाटतेय. कुणीतरी या रे.

रविवार, ८

इथेच. बसून.

फक्त बोटं चालतात. सारखं लिहितोय, आणू नका, आणू नका. दोरापलीकडून कुणाला वाचता येत नाही. एक बाई नवऱ्याला म्हणाली, काय छान यंत्र बसवलंय.

त्याला हनुवटी आलीय. दाढीचे खुंट. कानामागचा व्रण — माझा —

आल्या. दोघी. चिमी दोराशी. इकडे बघते, तिकडे बघते —

डोळा मार. मार ना. पापणी — पापणीच नाहीये —

चिमे, इकडे —

तिने आईला चांदणी दाखवली. त्याच्या हातावरची.

त्याने डोळा मारला.

बायको त्याला म्हणतेय, रात्रभर घरी नाही, आणि आज रंगही नाही वाटतं. उठा आता, पुरे झालं बसणं.

उठला. चिमीचं बोट धरलं. नको — ते बोट नको धरू —

दारापाशी गेले. बोटं जड — दोनच चालतात —

थांबली. चिमी थांबली. मागे बघतेय. हात सोडवून परत येतेय, दोराखालून आत, टेबलाशी —

तुला येतं हे. मोठ्याने वाच, चिमे. बा